विशेष ज्ञानाचा रकाना

सुरक्षा-झडपा बनवणाऱ्या ग्राहकाने बेबीच्या परदेशातल्या कारखान्यातून गेलेल्या स्प्रिंगांची तिसरी खेप परत केली आणि चौथी परत आली तर करार संपला, असे लेखी कळवले. त्यानंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता आप्पांनी सगळ्यांना कारखान्याच्या ड्रॉइंग-रूममध्ये बोलावले. घरी बोलावले नाही. घरी बैठक भरली की माणसे नात्याने बोलतात आणि कारखान्यात भरली की कामाने बोलतात, असे त्यांचे मत होते. पन्नास वर्षांत ते बहुतेक वेळा खोटे ठरले होते, तरी त्यांनी पद्धत मोडली नव्हती.

खोली पहिल्या मजल्यावर होती. तिच्या मोठ्या काचेतून खालची तार गुंडाळण्याची यंत्रे दिसत. सुट्टीमुळे त्यांच्यावर कापडी झाकणे होती. मधल्या टेबलाशी चार खुर्च्या होत्या. एकीवर आप्पा, दुसरीवर त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे घरादाराचे काका आणि कंपनीचे निम्मे मालक. तिसरीवर आप्पांचा थोरला, कंपनीचा मॅनेजर, इस्त्रीच्या शर्टात. चौथी सल्लागार बाईंना दिली होती; परदेशी कामाचे परवाने मिळवून देणे हा त्यांचा व्यवसाय. थोरल्याची बायको काचेजवळच्या स्टुलावर बसली, कारण तेथून भट्टीच्या तापमानाचा काटा दिसत असे. भट्टी बंद होती, पण सवय ती सवय. आणि परदेशातली बेबी, म्हणजे आप्पांची लेक, माप घेण्याच्या व्हर्नियरच्या डबीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून हजर होती.

"नियमांची पुस्तिका मी तीनदा वाचली," आप्पा म्हणाले. पुस्तिकेच्या समासात लाल, निळ्या आणि हिरव्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. "कंपनीतल्या कंपनीत माणूस एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा, तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. दोन्ही कंपन्यांचं नातं, माणसाच्या नोकरीचा काळ आणि माणसाचं काम. तीन चाकं आहेत. एकाचा दात चुकला की पुढचं फिरत नाही. बरोबर?"

"इतका अभ्यास करून आलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही," सल्लागार बाई म्हणाल्या. "जरा भीतीच वाटते."

"घाबरू नका, तो मलाही असाच शिकवतो," काका म्हणाले. "सत्तरी उलटली माझी, अजून माझा गृहपाठ तपासतो."

पहिले चाक लगेच फिरले. तिकडच्या कंपनीचे एक्कावन्न टक्के भाग इकडच्या कंपनीकडे होते आणि एकोणपन्नास बेबीकडे. निम्म्याहून अधिक मालकी इकडे, म्हणून तिकडची कंपनी कायद्याने हिची उपकंपनी. बाईंनी खूण केली.

काकांनी घसा खाकरला. "हे एक्कावन्न कोणाच्या हट्टामुळे, ते कोणी विचारत नाही."

बारा वर्षांपूर्वी याच आकड्यावरून बेबी काकांशी दोन वर्षे बोलली नव्हती, आणि आप्पांनी तेव्हा लेकीची बाजू घेतली होती.

"काका," फोनमधून आवाज आला, "तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून तुम्ही ते केलंत."

"विश्वास नव्हताच. पण उपयोग झाला ना?"

"झाला."

"मग रागव, पण आभार मान."

बेबी हसली. दोघांमधली गाठ अशी परक्या माणसासमोर, एका नियमामुळे सैल होईल, असे कोणालाच वाटले नव्हते. आप्पांना मात्र थोडे चुकल्यासारखे वाटले. त्या भांडणात काकांची जी बाजू त्यांनी चूक ठरवली होती, तिनेच आज चाक फिरवले होते. त्यांनी समासात एक बारीक टिंब केले.

*

उमेदवार कोण, हे थोरल्याच्या मनात ठरलेले होते. त्याने फायलीही तयार आणल्या होत्या: नेमणुकीचे पत्र, हाताखालच्या माणसांचा तक्ता, बावीस वर्षांची अखंड नोकरी. नियम एवढाच होता की गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष इकडच्या कंपनीत काम केलेले असावे. त्याच्याकडे अशी बावीस वर्षे होती. बारा वर्षांपूर्वी परदेशी जायचे तेव्हा त्याचेच नाव निघाले होते. शेवटी बेबी गेली, कारण ती भांडली आणि तो भांडला नाही. न भांडण्याचे फळ कधीतरी मिळतेच, अशी त्याची समजूत होती.

"हाताखाली किती माणसं?" सल्लागार बाईंनी विचारले.

"चाळीस."

"आणि तिकडे?"

"चार," बेबीने फोनमधून उत्तर दिले.

बाईंनी पेन खाली ठेवले. "मॅनेजर म्हणून जायचं, तर तिथे सांभाळायला काहीतरी हवं. चार कामगार आणि एक मालकीण असताना आणखी एक साहेब कशाला, असं अधिकारी पहिल्या पानावरच विचारेल."

"नाव मोठं आणि लक्षण खोटं," काका पुटपुटले.

"काका, मी समोर बसलोय."

"म्हणून तर हळू बोललो."

"दादा, रागवू नकोस," बेबी म्हणाली. "पण मला हिशेबाला आणि हजेरीला माणूस नकोय. मशीन तुमच्याकडचंच आहे, तार तुमच्याकडचीच आहे, नकाशा तोच आहे. तरी माझी स्प्रिंग भट्टीतून बाहेर आली की मापात बसत नाही. तुमच्याकडे बसते. का बसते, ते ज्याला कळतं ते माणूस मला पाठव."

थोरल्याने फायलीची दोरी पुन्हा बांधली. त्याला वाईट वाटायला हवे होते, आणि वाटलेही. पण त्याबरोबर एक विचित्र कुतूहल जागे झाले. तो इतकी वर्षे या इमारतीत होता. स्प्रिंग इकडे मापात का बसते, हे त्याला ठाऊक नव्हते. आजपर्यंत ते ठाऊक असण्याची गरजच पडली नव्हती.

"मग दुसरा रकाना," सल्लागार बाई म्हणाल्या. "विशेष ज्ञान. कंपनीच्या कामाचं असं ज्ञान की जे बाजारातून माणूस आणून मिळत नाही. असं कोणाकडे आहे?"

सगळ्यांच्या माना, ठरवल्यासारख्या, स्टुलाकडे वळल्या.

*

सुनेला आपल्याकडे वळलेल्या माना आवडल्या नाहीत. नऊ वर्षांपूर्वी ती भांडारात काम करू लागली. तारेची भेंडोळी मोजून घ्यायची आणि मागेल त्याला द्यायची, एवढेच काम होते. पण तार हातातून जात असताना हात गप्प बसत नाहीत. हळूहळू कारागीर विचारायला लागले, "वहिनी, या भेंडोळ्याला कोणता दांडा घेऊ?" तार ज्या पोलादी दांड्यावर गुंडाळतात त्याची जाडी पहिल्याच वेळी बरोबर निवडली, तर माल बसतो, नाहीतर सगळा भंगारात जातो. तिने सांगितलेला दांडा बसायचा. मग विचारणे हीच रीत झाली.

"काळ मोजू," आप्पा म्हणाले आणि त्यांनी कागदावर छत्तीस घरे आखली. "नऊ वर्षं पगारावर आहे. गेल्या वर्षी बेबीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दोन महिने तिकडे होती. ते धरायचे का?"

"त्या देशात घालवलेले दिवस वर्षात मोजत नाहीत," बाई म्हणाल्या. "पण त्यांनी खंडही पडत नाही."

"म्हणजे खंड नाही आणि मोजणीही नाही." आप्पांनी दोन घरे तिरक्या रेघांनी भरली आणि कौतुकाने पाहिली. "ज्यानं हा नियम लिहिला तो विचारी माणूस असला पाहिजे."

"पदाचं नाव काय?" बाईंनी विचारले.

"भांडारपाल," थोरला म्हणाला.

"पगाराच्या कागदावर?"

"भांडारपाल."

"तारेची निवड त्या करतात, याचा एखादा कागद?"

थोरल्याने खालून खोका आणला. त्यात पहिल्या नगाची कार्डे होती. कोणतेही काम सुरू करताना पहिला नग गुंडाळायचा, भट्टीतून काढायचा, मोजायचा आणि कार्डावर निवडलेला दांडा व आलेले माप लिहून सही करायची, ही कारखान्याची शिस्त. सल्लागार बाईंनी दहा कार्डे पाहिली, मग मधली वीस, मग तळाची.

"सगळ्यांवर एकच सही आहे."

"माझी," आप्पा म्हणाले. "कंपनी काढली तेव्हाच मी नियम केला. काम कोणाच्याही हातचं असो, सही माझी. माल चुकला तर कारागिराची मान कोणी धरू नये. धरायची तर माझी धरावी."

"नियम उदार आहे," बाई म्हणाल्या. "पण या खोक्याप्रमाणे विशेष ज्ञान असलेला माणूस या कंपनीत एकच आहे. तुम्ही. अधिकारी म्हणेल, यांनाच पाठवा."

काका इतके हसले की त्यांना खोकला आला. "जा की मग! शहात्तराव्या वर्षी कामगार म्हणून परदेशी! बेबी, तुझ्या बापाला डबा करून देशील ना?"

"काका, माझा करार बुडतोय आणि तुम्हाला विनोद सुचतोय," बेबी म्हणाली. "मी एक सुचवू? दादालाच मॅनेजर म्हणून येऊ दे, कसंही करून. नवऱ्याबरोबर बायको येतेच. वहिनी आली की बघेल मशीनकडे. कोणाला कळतंय?"

सल्लागार बाईंनी कपाळ चोळले. "हे मी ऐकलं नाही. जोडीदाराच्या परवान्यावर तिथे काम करता येत नाही. पकडलं तर तुमची कंपनी, तुमचे भाऊ आणि तुमच्या वहिनी, तिघांनाही दार कायमचं बंद. पुन्हा म्हणाल तर मी उठते."

"नाही म्हणत."

"आणि मला एक कळत नाही," सून म्हणाली. तिचा आवाज ऐकून सगळे थांबले, कारण ती तासाभरात प्रथमच बोलत होती. "विशेष ज्ञान आहे की नाही, हे तो अधिकारी तपासतो कसं? त्याला तार कळते?"

"नाही. त्याला कागद कळतो. ज्ञान कुठून आलं, लिहून ठेवलेलं आहे का, आणि पुस्तक वाचून कोणालाही येईल का. पुस्तकातून येत असेल तर ते विशेष नाही."

"हे मात्र पुस्तकातून येतं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे बोट केले. तिथे काचेत मढवलेला तक्ता होता. तंत्रविद्यालयातून बाहेर पडल्यावर त्यांनी दोन वर्षे, चारशे नग गुंडाळून आणि मोजून तो तयार केला होता. तारेची जाडी पाहा, हवा तो व्यास पाहा, दांडा मिळेल. "सूनबाई तक्ता नीट वापरते. हात शांत आहे, डोळा चांगला आहे. पण ज्ञान तक्त्यात आहे. बेबी, मी तुला त्याची नक्कल पाठवली होती."

"तीच वापरतेय, आप्पा. तीन खेपा."

सुनेने हात मांडीवर ठेवले. इथे गप्प बसले असते तर चालले असते. नऊ वर्षे चाललेच होते. पण तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते की आपण जे करतो त्याला त्या कागदावर नाव आहे की नाही.

"आप्पा," ती म्हणाली, "स्टेनलेसला मी तक्ता वापरत नाही. सहा वर्षं झाली."

*

ते वाक्य आप्पांनी दोनदा ऐकले, एकदा कानांनी आणि एकदा मनात.

"तार पुरवणारा बदलला तेव्हापासून," ती सांगत होती. "साधं पोलाद भट्टीत आवळतं, स्टेनलेस उमलतं, हे तुमचं खरंच आहे. पण नवी तार जास्त उमलते, आणि प्रत्येक भेंडोळं निराळं. तक्त्याप्रमाणे घेतलेले पहिले तीस नग मापाबाहेर गेले. ते मी वितळायला पाठवले."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही इथेच बसला होतात. मी म्हटलं, आप्पा, नवी तार वेगळी वागते. तुम्ही म्हणालात, तार वागत नाही, माणूस वागतो. तक्ता पाहा."

काकांनी तोंडावर हात ठेवला, पण या वेळी ते हसत नव्हते. थोरला बायकोकडे पाहत होता. आप्पांना ते वाक्य आठवले. केवळ अर्थ नव्हे, शब्दसुद्धा. ते वाक्य त्यांचेच होते. ते त्यांना आवडायचे, आणि शिकाऊ मुलांनाही ते हेच ऐकवत.

"मग सहा वर्षं कशावरून निवडतेस?"

"भेंडोळ्याचं टोक हाताने दोन वेढे वाकवते आणि सोडते. किती मागं येतं ते पाहते. मग वहीत तसंच वागलेलं जुनं भेंडोळं शोधते."

"वही आहे?"

"तीन आहेत. भांडारात, ग्रीसच्या डब्यामागे."

"आण."

ती खाली गेली. ती नसतानाच्या पाच मिनिटांत काका पुढे वाकले आणि भावाशी हळू बोलले. फोन ऐकत होता, याचे त्यांना भान राहिले नाही.

"आप्पा, विचार कर. तू लिहून देणार की सहा वर्षं सही माझी आणि निवड तिची? ज्यांना आपण माल देतो ते तुझ्या सहीवर माल घेतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि दुसरं, ती परवान्याच्या तीन वर्षांसाठी तिकडे गेली तर इथे कोण? बेबीची चूल पेटवायला आपली विझवायची?"

काकांच्या बोलण्यात कपट नव्हते. चाळीस कुटुंबांचे पोट त्या खालच्या यंत्रांवर होते आणि ते त्यांना रोज आठवत असे. मोठा भाऊ नियम करी आणि धाकटा त्या नियमांचे परिणाम निस्तरी, अशी त्यांची आयुष्यभराची वाटणी होती.

"मला जायचं होतं," थोरला एकदम म्हणाला. "आता नाही म्हणत. पण काका, सहा वर्षं आपला माल जिच्यामुळे पास होतोय ती कागदावर भेंडोळी मोजणारी आहे, आणि मी मॅनेजर आहे. हे झाकून कोणाची मूठ वाचणार?"

"तू बायकोच्या बाजूने बोलतोस."

"पहिल्यांदाच बोलतोय. जमतंय का, बघू द्या."

सुनेने वह्या टेबलावर ठेवल्या. आप्पांनी चष्मा पुसला आणि पहिले पान उघडले. प्रत्येक पानावर एक भेंडोळे: आलेला दिवस, वाकवून सोडल्यावर मागे आलेले अंतर, निवडलेला दांडा, भट्टीआधीचे माप, भट्टीनंतरचे माप. जिथे निवड चुकली तिथे ती खोडलेली नव्हती, शेजारी 'का?' असे लिहिले होते, आणि काही पाने पुढे गेल्यावर उत्तर. चाळिसाव्या पानाशी त्यांना कळले की ते रागावून वाचत नाहीत. दोनशेव्या पानाशी त्यांनी निळी पेन्सिल उचलली, आणि समासात खूण करण्याआधी विचारले, "करू का?"

"करा," ती म्हणाली.

"इथे दोन भेंडोळी सारखीच मागे येतात, तरी तू दांडा वेगळा घेतलास."

"दुसऱ्याला सोडताना हाताला कंप जाणवला. तशी तार जास्त उमलते."

"हे लिहिलेलं नाही."

"लिहायचं कसं ते सुचलं नाही, आप्पा."

सल्लागार बाईंनी घड्याळ पाहिले नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "या वह्या उत्तम पुरावा आहेत. पण वह्या घरच्या आहेत आणि सून घरची आहे. अधिकारी म्हणेल, काल बसून लिहिल्या. कार्डांवर तर तुमची सही आहे. तेव्हा सही करणाऱ्यानेच पत्र द्यावं लागेल: निवड माझी नव्हती, मला ती येत नाही. हे स्पष्ट. आणि एक रकाना भरावाच लागेल. हेच ज्ञान दुसऱ्या हुशार माणसाला द्यायला किती काळ लागेल? त्यावर सगळं ठरतं. महिना लिहिलंत तर नामंजूर."

"दीड वर्ष," थोरला म्हणाला.

"तीन महिने," काका म्हणाले, कारण त्यांना ती इथेच हवी होती.

"मला तीन खेपांत आलं नाही, एवढं लिहा," फोन म्हणाला.

सगळ्यांनी सुनेकडे पाहिले.

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "कोणी शिकायला आलंच नाही."

*

आप्पा उठले. उठताना त्यांनी कोणाचा हात घेतला नाही.

"अंदाजाने रकाना भरायचा नसतो. मोजून भरायचा असतो. भट्टी लाव, थोरल्या. नवीन भेंडोळं कोणतं आलंय?"

"शुक्रवारचं, अजून फोडलेलं नाही," सून म्हणाली.

"ते घे. हुशार माणूस म्हणजे मी धरा. तंत्रविद्यालयातला पहिला वर्ग आहे माझा. वही वाचली आहे. आता निवडतो."

खाली यंत्रावरचे झाकण निघाले. फोन काकांच्या हातात होता. त्यांनी तो असा धरला होता की बेबीला बहुतेक छतच दिसत होते. ती ओरडल्यावर त्यांनी तो सरळ केला. आप्पांनी तार दोन वेढे वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. कंप जाणवतो का पाहिले. बोटांना काही सांगावेसे वाटले नाही. त्यांनी वहीतले सर्वांत जवळचे पान शोधले, दांडा निवडला आणि पहिला नग गुंडाळला. दुसऱ्यासाठी दांडा किंचित बारीक घेतला. तिसऱ्यासाठी आणखी बारीक. प्रत्येक निवडीचे कारण त्यांनी थोरल्याला लिहायला सांगितले. शेवटी सुनेने तेच टोक एकदा वाकवले, सोडले, वही न उघडता फळीवरून एक दांडा काढला आणि चौथा नग गुंडाळला.

भट्टीत अर्धा तास. या अर्ध्या तासात चहा झाला. काकांनी सल्लागार बाईंना विचारले, जोडीदार म्हणून जाणाऱ्याला कागदावर काय म्हणतात.

"आश्रित."

"ऐकलंस का रे, मॅनेजर?"

"ऐकलं," थोरला म्हणाला. "पद वाढलं नाही, पण गाव बघायला मिळेल."

नग थंड झाल्यावर व्हर्नियर सल्लागार बाईंच्या हातात दिला. आप्पा म्हणाले की मोजणारा घरचा नको. त्यांना धरायचा कसा ते शिकवावे लागले. नकाशावर व्यास चोवीस मिलिमीटर होता, पंधरा शतांश इकडेतिकडे चालत होते. आप्पांचा पहिला नग चाळीस शतांशाने मोठा निघाला. दुसरा सव्वीस शतांशाने मोठा. तिसरा, भीतीने फार बारीक दांडा घेतल्यामुळे, एकवीस शतांशाने लहान. चौथा सहा शतांशाने मोठा. बाईंनी तो पुन्हा मोजला, मग तिसऱ्यांदा मोजला, आणि त्यांच्या तोंडून "अरे!" निघाले.

काका बराच वेळ ते चार नग तळहातावर फिरवत राहिले. एका ओळीत ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नव्हता.

"मला काय वाटलं होतं," ते म्हणाले, "तीन महिन्यांत एखादा तयार होईल." त्यांनी भावाकडे पाहिले. "तू लिही पत्र. ज्यांना माल देतो त्यांना मी सांगेन. ओरडतील. मग मी त्यांना या वह्या दाखवेन. पण ती जाण्याआधी इथे कोणीतरी शिकायला बसायला हवं, ते मी सोडणार नाही."

"बसेल," आप्पा म्हणाले. "मी उद्यापासून सकाळी आठला येतो. सूनबाई, खरं सांग. किती काळ लिहू?"

ती यंत्राच्या दांड्यावरचे तेल पुसत होती. "वाचता येतं, मोजता येतं आणि चुकलेलं लपवत नाही, अशा माणसाला दोन वर्षं."

"आणि मला?"

"तुम्हाला अडीच. तुम्हाला आधी तक्ता विसरायचा आहे."

बेबी फोनमध्ये हसली आणि लगेच थांबली, कारण आप्पा हसत नव्हते. ते गंभीरपणे मान डोलावत होते. तिने दिलेले कारण त्यांना पटले होते. "दोन लिहा," ते सल्लागार बाईंना म्हणाले. "अर्धं वर्ष माझं वैयक्तिक आहे."

पत्र थोरल्याने टंकित केले. आप्पा उभ्यानेच सांगत होते, एकेक वाक्य तोलून. दोन्ही कंपन्यांचे नाते आले, काळ आला, वगळलेले दोन महिने आले. कार्डांवरील सही आपली आहे आणि निवड आपली नाही, हे वाक्य त्यांनी एका दमात सांगितले. मग ते थांबले.

"पुढे लिही. सदर उमेदवाराच्या वह्या वाचून, दिनांक आजचा, मी स्वतः तीन नग तयार केले. त्रयस्थ व्यक्तीने मोजले असता तीनही नग नापास झाले. उमेदवाराने वह्या न पाहता केलेला नग पास झाला. मापे सोबत जोडली आहेत."

थोरल्याची बोटे थांबली. "आप्पा, 'नापास' राहू द्यायचं? 'मापात बसले नाहीत' असं सौम्य लिहिता येईल."

"राहू दे," आप्पा म्हणाले. "माझ्या नव्या शिक्षणातला पहिला निकाल आहे. लागला तसा लिही."